चाळीस मिलिमीटर

संचिताताई सासर सोडून आली त्याला चार महिने झाले, तरी तिचे कपडे बॅगेतच होते. रोज सकाळी बॅग ओढायची, ड्रेस काढायचा, चेन लावून बॅग परत पलंगाखाली. गोडदेवच्या आमच्या वन रूम किचनमध्ये लोखंडी कपाट एकच, आणि त्यातला एक खण रिकामा करायला आई तयार नव्हती.

"खण दिला म्हणजे ती कायमची आली असं होतं," आई म्हणायची.

"मग येऊ दे ना."

"तुला काय कळतंय, मिनल."

रविवारी स्वप्नीलभावोजी न्यायला येणार, असा फोन आला. त्यांनी ताईला लॅबमधली नोकरी सोडायला लावली होती. तिला परत जायचं नव्हतं. पण ती म्हणाली, "राहू कुठे? इथे एक हँगर अडकवायला जागा नाही."

या अडचणीला लांबी-रुंदी होती. मी टेप काढली.

दाराशेजारचा कोपरा तळाशी ११४३ मिलिमीटर रुंद होता आणि वर ११३२. भिंतच वाकडी, म्हणून लहान आकडा धरला. जमिनीपासून छत २५९०. कपाट २५७० उंच आणि ५६० खोल करायचं ठरवलं. केबिन रोडच्या दुकानात प्लाय कापून घेताना दुकानदार म्हणाला, "मॅडम, दो-चार एमएम से क्या होता है?"

"भैया, उसी से तो होता है."

शेजारच्या धाकूकाकांनी ड्रिल दिलं. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. "मदत लागली तर हाक मार," म्हणाले. मी मारली नाही. शनिवारी दिवसभर ताई आणि मी जमिनीवर आडवं कपाट जोडलं, सांध्यांना गोंद, वर स्क्रू. संध्याकाळी उभं करायला लागलो, आणि ते तिरकं असतानाच छताला अडकलं.

मी तशीच कपाट धरून हिशेब केला. २५७० आणि ५६०, कर्ण २६३०. छतापेक्षा चाळीस जास्त. उभं राहिल्यावर मावणारं कपाट उभं होतानाच मावत नव्हतं.

"बीएस्सी झालीस ना गं?" धाकूकाका दारातून हसत होते. "छताला भिडणारं कपाट जागेवर उभ्यानं जोडतात."

"खोलता येईल?"

"गोंद धरला आता. प्लाय फाटेल."

आई म्हणाली, "बघ. देवाच्याच मनात नाही."

"देवाचा काय संबंध? चूक माझी आहे," मी म्हटलं, आणि वहीत पुन्हा आकडे मांडले. तळातून पन्नास कापले तर कर्ण २५८२. आठ मिलिमीटर मोकळे. करवत रविवारी सकाळी घेतली. एक बाजू मी कापली, दुसरी ताईने.

भावोजी अकराला आले. आडव्या कपाटाने खोली भरली होती, ते दारातच थांबले.

"हे काय चाललंय? चल, बॅग घे."

"आधी हे उभं करायचंय," ताई म्हणाली.

ताई आणि मी वरच्या टोकाला लागलो, धाकूकाकांनी बाजू धरली. तळ सरकायला लागला तशी आईने बडबडत पुढे येऊन तो दोन्ही हातांनी दाबून धरला.

"आई, तुम्ही तरी सांगा तिला," भावोजी म्हणाले. "घरी अख्खं कपाट आहे तिचं."

ताई कपाट ढकलता ढकलताच म्हणाली, "त्याची चावी तुमच्या आईकडे असते. साडी हवी तर मागावी लागते."

आईने मान वर केली. "खरंय का हो?"

"आमच्याकडे पद्धतच आहे तशी. त्यात काय एवढं?"

कपाट छताखालून केसभर अंतराने गेलं आणि धप्पकन उभं राहिलं. छताचा चुनासुद्धा सांडला नाही.

"मी येत नाहीये," ताई म्हणाली.

भावोजींनी पुन्हा आईकडे पाहिलं. आई पदराने हात पुसत होती.

"चहा घेऊन जा," ती म्हणाली. "तिला वेळ लागेल, कपडे लावायचेत."

ते चहाला थांबले नाहीत. धाकूकाका थांबले. मी फळ्या टेकवायच्या पिना बसवत होते, तेव्हा आई मागून म्हणाली, "ती वरची फळी दोन भोकं खाली घे. माझ्या साड्याही येतील तिथे, लोखंडी कपाट गंजलंय."

"नाही," ताई म्हणाली. "वरची माझी. तू मधली घे."

आईने मधली घेतली.