कोमट चाकं

सकाळी बायको म्हणाली, "अहो, अंग मोडून आल्यासारखं वाटतंय, बघा बरं." मी कपाळावर हात ठेवला. "ताप-बीप काही नाही, पडून राहा जरा," म्हणालो आणि कामावर आलो.

आमच्या शेडमध्ये रेल्वेची झिजलेली चाकं येतात. लेझरच्या झोतात धातूची पूड वितळवून चाकाच्या कडेवर थर चढवायचा, लेथवर तो सारखा करायचा, चाक पुरतं थंड झालं की व्यास मोजायचा आणि हे अजून किती किलोमीटर धावेल ते लिहून सही करायची. मोजणं आणि सही माझ्याकडे. गरम चाक फुगलेलं असतं, म्हणून आधी थर्मामीटर लावायचा असा नियम आहे. मी तो कपाटात टाकलाय. एकतीस वर्षं हेच करतोय, हात लावला की कळतं, असं ऐटीत सांगायचो सगळ्यांना.

आज आठ चाकं होती. उभं राहून राहून पायांचे तुकडे पडले होते आणि चारला ट्रक निघणार होता. दुपारी सगळ्यांवर हात फिरवला, मोजली, सह्या ठोकल्या. चहा घेऊन स्टुलावर टेकतोय तोच मुलीचा फोन.

"बाबा, आईला एकशे दोन ताप आहे. डॉक्टरांनी गोळी दिलीय. तुम्ही म्हणे हात लावून बघितलंत?"

"बघितलं की."

"काय बघितलंत, डोंबल!"

फोन ठेवला आणि पेला उचलला. चहातून वाफा निघत होत्या, पण माझ्या तळहाताला तो धड कोमटही लागेना. हात उलटा करून बघितला. कातडं टाचेसारखं जाड झालेलं. मग दुपारची ती चाकं?

कपाट उघडून थर्मामीटर शोधला, धूळ पुसली. पाच चाकं थंड होती. तीन निघाली पंचेचाळीस अंशांवर. गार झाल्यावर त्यांचा व्यास दोन दशांश मिलिमीटरने कमी भरणार. एवढंसंच ते, पण तेवढ्यावर मी दर चाकाला दहा हजार किलोमीटर जादा लिहून बसलो होतो. माझ्या आकड्यावर विसंबून ती चाकं वेळेत कुणी तपासायलाही काढली नसती. गाडीत माणसं बसतात हो!

खरं सांगतो, इतका दमलो होतो की क्षणभर वाटलं, जाऊ दे, कोण बघतंय. मग स्वतःचीच शिसारी आली.

आमचे साहेब माझ्या मुलीच्या वयाचे. म्हटलं, "साहेब, ट्रक थांबवा. माझी सही चुकलीय."

"काका, तुमची?" त्यांना खरंच वाटेना. सगळं ऐकून घेतलं, रागावले नाहीत. मग म्हणाले, "आणि याआधीची चाकं?"

कुठली थंड होती आणि कुठली नव्हती, मला सांगता येईना.

"यादी काढू उद्या," ते म्हणाले. "सगळी परत मोजावी लागतील."

घरी पोहोचलो तेव्हा बायको उशीला टेकून बसली होती. "बघा बरं, उतरला का?"

मी हात मागे घेतला. "थर्मामीटर लाव. माझ्या हाताला काही कळत नाही गं आता." एवढं बोलताना डोळे भरून आले.

तिने माझा हात ओढला आणि आपल्या कपाळावर ठेवला.

"तुम्हाला नसेल कळत," ती म्हणाली. "मला कळतोय ना. ठेवा तसाच."