तळाची पानं

प्रमिला अंगणात उभी राहिली ती ओट्यावर येईना. सासऱ्याने तिला एका शर्टासाठी पाठवलं होतं आणि तो मागायचा कसा, हे तिला वाटेत सुचलं नव्हतं.

सकू ओट्यावर करवंदं निवडत होती. काळी एका टोपलीत, लाल दुसरीत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपने ही करवंदं जव्हारच्या बाजारात जायची होती. आश्रमशाळेला सुट्टी लागली की तिथल्या स्वयंपाकघरातलं सकूचं रोजंदारीचं काम बंद व्हायचं आणि शाळा उघडेपर्यंत असंच काहीतरी करून भागवावं लागायचं.

“बस की,” सकू म्हणाली. “शर्टच मागाय आलीस ना?”

“तुला कुणी सांगितलं, काकी?”

“सोन्या सकाळधरनं माझ्या अंगणातनं जातोय नि येतोय. आत येत नाय. म्हटलं, आता सुनेला धाडील.”

प्रमिला हसली आणि खाली बसून तीही करवंदं निवडू लागली. सोन्या हा सकूचा धाकटा दीर. दोघांच्या घरांमध्ये फक्त एक कुडाची भिंत. प्रमिला पाड्यातल्या अंगणवाडीत मदतनीस होती, बारावीपर्यंत शिकलेली.

शर्ट तुषारचा होता. सकूचा एकुलता मुलगा. तीन पावसाळ्यांपूर्वी तो सोन्याबरोबर मासेमारीच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला, आणि दिवाळीच्या आधी एका सकाळी जाळं ओढताना पाण्यात पडला. बोट दिवसभर त्याच जागी फिरली. प्रेत मिळालं नाही. सोन्या एकटाच परतला, काय झालं ते त्याने अंगणात उभ्याउभ्या सांगितलं, आणि त्यानंतर तो बोटीवर गेला नाही. सकूनेही त्याला पुन्हा कधी विचारलं नाही.

ज्याचं प्रेत हाती लागत नाही त्याचा पाड्यात गवताचा पुतळा करत. पुतळ्याला मेलेल्याचं वापरातलं कापड घालायचं, त्याला माती द्यायची, आणि मग सागाच्या फळीवर त्याचा वीर, म्हणजे मेलेल्याची आकृती, कोरून तो पूर्वजांच्या रांगेत बसवायचा. बसवलेला माणूस घर राखतो. न बसवलेला भटकतो. तुषारला कोणी बसवलं नव्हतं, कारण त्याचा बाप रघ्या ते मानत नव्हता. रघ्या येशूच्या प्रार्थनेला लागला होता. मागच्या थंडीत तो काविळीने गेला. आता विचारायला एकटी सकू उरली होती.

प्रमिलाने सांगितलं, की फळी आली आहे, भगताने शुक्रवार दिला आहे, आणि कोरणारा अडून बसला आहे. वीर घोड्यावर काढायचा असतो. सासरे म्हणतात, पोऱ्या कधी घोड्यावर बसला नाही, बोट काढ. कोरणारा म्हणतो, मी आयुष्यात बोट पाहिलेली नाही. काढली तर भाताच्या सुपासारखी दिसेल.

सकूला हसू आलं. ते तिने पुरतं येऊ दिलं नाही.

“काकी, तुला ऐकू येतं ना?” प्रमिलाने आवाज खाली आणून विचारलं. “आमच्या मामंजींनाही येतं.”

सकूला ऐकू येत होतं. वैशाखात त्या पाड्यात आवाज असतात ते रिकाम्या हंड्यांचे. विहिरीचा तळ उघडा पडतो, सगळे टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. अशा दिवसांत, भर दुपारी, घरामागे कोणीतरी अंगावर पाणी ओतल्याचा आवाज यायचा. एक तांब्या, मग थोडं थांबून दुसरा. तिथे एक सपाट दगड होता, त्यावर बसून तुषार आंघोळ करायचा. ती मागे जायची तेव्हा दगड कोरडा ठणठणीत असायचा. एकदा मात्र तो ओला होता. तिने त्याला बोट लावलं. बोट तोंडाशी नेलं आणि तसंच पदराला पुसून टाकलं. खारट लागलं तर काय करायचं, हे तिला कळेना.

आत एक पत्र्याची पेटी होती. शर्ट तिच्यातच होता, आणि शर्टाखाली रघ्याचं पुस्तक.

रघ्या तरुणपणी वसईकडे भाजीच्या वाडीत कामाला होता. वाडीच्या मालकिणीने त्याला शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, ते पुस्तक दिलं होतं. तो चौथी शिकलेला. पुस्तक वाचण्यासाठी म्हणून त्याने विसरलेली अक्षरं पुन्हा गिरवली. रोज संध्याकाळी, दिवा लावायच्या आधी, उजेड असेतो तो ओट्यावर मोठ्याने वाचायचा. रविवारी चार घरची माणसं ऐकायला यायची. बाकी पाडा त्याला हसायचा, पण भांडायचा नाही. तुषार लहानपणी मांडीवर बसून ऐकायचा. मोठा झाल्यावर उठून जायला लागला. बोटीवर जाण्याच्या आदल्या दिवशी पिऊन आला आणि बापाला म्हणाला, तुझ्या पुस्तकानं चुलीवर भात शिजत नाय.  त्या घरात बापलेकांचं ते शेवटचं बोलणं.

पोराची बातमी आल्यावर रघ्या एकही दिवस न चुकता वाचत राहिला. वाचत वाचत पुस्तकाच्या शेवटाकडे आला तेव्हा सकूला एक वाक्य पहिल्यांदाच नीट ऐकू आलं: समुद्राने आपल्यातले मेलेले परत दिले. तिने हातातलं काम टाकलं. समुद्र परत देतो, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. पण रघ्या पुढे वाचत होता. परत दिलेल्यांचा न्याय झाला, ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे. ज्यांची नावं जीवनाच्या पुस्तकात नव्हती त्यांना अग्नीच्या तळ्यात टाकलं. तिथे त्याने पुस्तक मिटलं. पुढे थोडी पानं होती. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली.

असं तो पहिल्यापासूनच करायचा. नागलीची कणगी कधी तळापर्यंत खरवडायची नाही, दोन मुठी राहू द्यायच्या, म्हणजे घरातलं धान्य सरत नाही, हे त्याने आईकडून घेतलं होतं. पुस्तकालाही त्याने तोच नेम लावला. तळाची पानं ठेवायची. देवाचा शब्द घरातून सरता कामा नये. त्या नेमाने इतकी वर्षं त्यांच्या घरात सगळं शास्त्र त्या आगीपाशी येऊन थांबत होतं.

रघ्या गेल्यावर वाचणारं कोणी उरलं नाही. प्रार्थनेची चार घरं दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेली. जव्हारच्या भाऊंनी, म्हणजे प्रार्थना घेणाऱ्यांनी, कोणाच्या तरी मोबाइलवर शास्त्र लावून दिलं होतं, पण त्यातली बाई भराभर बोलायची आणि थांब म्हटलं तर थांबायची नाही. सकू दुपारी पाण्याचा आवाज ऐकायची आणि विचार करायची. समुद्राने तुषारला परत दिलं, तर कशासाठी देणार? तो पीत होता. बापाला तसं बोलला होता. त्यापेक्षा फळीवर बसलेला बरा. निदान आजापणजाच्या शेजारी, घराच्या मागे, सावलीत.

ती उठली, पेटी उघडली आणि शर्ट बाहेर काढला. निळ्या चौकड्यांचा होता. पुस्तकही काढलं.

“हा धर,” ती म्हणाली. “पण आधी मला एक वाचून दे. शेवटाकडं हाय. समुद्र मेलेल्यांना परत देतो ते. पुन्हा एकदा नीट ऐकते नि मग काय ते ठरवते.”

प्रमिलाने बोटं पदराला पुसली आणि पानं उलटली. जागा सापडायला वेळ लागला. ती अंगणवाडीतल्या मुलांना गोष्ट वाचावी तशी वाचू लागली, शब्दावर बोट ठेवून, प्रत्येक वाक्यानंतर थांबून. समुद्र आला, न्याय आला, तळं आलं. सकूने डोळे मिटून घेतले.

“बस. इथं थांबायचं.”

“पुढं हाय की, काकी.”

“ते ठेवायचं असतं. सरू द्यायचं नाय.”

प्रमिलाने तिच्याकडे पाहिलं. “पुस्तक काय नागली हाय, खाऊन सरायला? वाचलं तरी पानं तिथंच राहतात.”

 सकूने तिला पुन्हा थांबवलं नाही. प्रमिलाने पान उलटलं.

पहिल्याच ओळीत नवं आकाश आणि नवी पृथ्वी होती. जुनी निघून गेली होती. आणि त्याच ओळीत पुढे, अगदी साध्या बोलण्यात, लिहिलं होतं की आता समुद्र राहिला नाही. प्रमिला पुढे वाचत गेली. देव माणसांत राहायला येतो. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी तो स्वतः पुसतो. मरण नाही, रडणं नाही.

“मागं जा,” सकू म्हणाली. “समुद्राचं वाच.”

प्रमिलाने वाचलं. सकूने पुन्हा वाचायला लावलं.

समुद्राचं ते वाक्य फक्त एका पानाच्या पलीकडे होतं. रघ्याच्या अंगठ्याखाली, तो मिटायचा त्या पानाच्या मागच्या बाजूला. त्याचं अंग हळदीसारखं पिवळं पडलं होतं तेव्हाही तो ओट्यावर बसून तळ्यापर्यंत वाचत आला, पुस्तक मिटून घरामागे गेला आणि बराच वेळ त्या सपाट दगडाकडे बघत राहिला. त्यालाही आवाज येत होता का, हे तिने विचारलं नव्हतं. तो तळ्यापर्यंतच वाचून गेला. सकूने करवंदांची टोपली बाजूला सारली. तिच्या बोटांना चीक लागला होता, म्हणून तिने पानाला हात लावला नाही.

“शर्टाला एवढा वेळ?” सोन्या अंगणात आला होता. सुनेच्या हातात पुस्तक आणि मांडीवर शर्ट पाहून तो तिथेच उभा राहिला.

“शर्ट मी देत नाय, सोन्या,” सकू म्हणाली.

त्याने प्रमिलाकडे पाहिलं. “तू काय सांगितलंस हिला?”

“मी काय सांगू? वाचलं फक्त.”

“वयनी,” सोन्या म्हणाला, “पोऱ्या पाण्यात हाय. तुला ऐकू येतंय, मला ऐकू येतंय. त्याला घरात आणू या. मी नेला व्हता त्याला. मला आणू दे.”

“तुझ्या हातात असतं तर तू तवाच आणला असतास. मी ओळखते तुला.” तिने पुस्तकाकडे बोट दाखवलं. “देव आणील. न्हेलेल्याला आणतो नि मग समुद्रच ठेवीत नाय. लिवलंय.”

“नि त्याच्या आधी काय लिवलंय?” सोन्याचा आवाज बदलला. “दादा वाचायचा तवा भिंतीतनं मला ऐकू यायचं. न्याय नि आग. मला सांगू नकोस.”

त्याच्या घरातही शास्त्र त्याच पानापाशी थांबत होतं, हे सकूला तेव्हा कळलं.

“ते पण लिवलंय,” ती म्हणाली. “ते मी पुसत नाय. पोऱ्याचं काय ठरलंय, ते मला ठावं नाय. पण ते शेवटचं पान नाय, सोन्या. एवढं मला आज कळलं.”

सोन्या ओट्याच्या कडेला टेकला. त्याने शर्टाकडे हात नेला आणि मागे घेतला.

“समुद्रच नाय म्हणतेस. मग मासळी कुठली खाणार तुमची देवाची माणसं?” त्याला थट्टा करायची होती. कोणी हसलं नाही, तोही नाही. थोड्या वेळाने त्याने सुनेला विचारलं, “आखाच नाय? खाडी बिडी?”

प्रमिलाने ओळीवर बोट ठेवून पुन्हा पाहिलं. “नाय. एवढंच लिवलंय. समुद्र राहिला नाय.”

“आणखी किती हाय?”

“हे पान नि त्याच्या पुढचं.”

तेवढ्यात खालच्या वळणावर टँकरचा हॉर्न वाजला. पाड्यात एकदम भांडी वाजली, बाया हाका मारत पळू लागल्या. टँकर विहिरीत पाणी सोडून जायचा आणि उशिरा पोचणाऱ्याच्या वाट्याला गाळ यायचा. प्रमिला पुस्तक मिटून उठू लागली.

“बस तू,” सोन्या म्हणाला. “वाच.”

तो उठला. सकूच्या चुलीपासचा हंडा त्याने उचलला, आपल्या घरातून दुसरा आणला आणि उतारावरून खाली गेला. ओट्यावरून विहीर दिसत होती. कठड्याभोवती बायांची गर्दी झाली होती. पाण्याला पुरुष आलेला बघून काहीजणी पदर तोंडाला लावून हसल्या, एकीने काहीतरी मोठ्याने विचारलंही.  आपला नंबर येईपर्यंत तो रांगेत उभा राहिला. प्रमिला वाचत होती.

मग त्याने दोराला हंडा बांधून विहिरीत सोडला आणि हाताला वजन लागेपर्यंत वाकून, खाली बघत थांबला.