कुशाबाच्या फोटोखालची ओळ

२०२३ साली, गणपती गेल्यावर, लालबागच्या इतिहास मंडळाने १९८२च्या गिरणी संपाचं प्रदर्शन मांडलं, तेही दुर्गाच्याच चाळीच्या सभागृहात. मंडळाची चिटणीस अनुजा घरोघर फिरून फोटो जमवत होती. दुर्गाने नवऱ्याचा, कुशाबाचा, होता तो एकच फोटो दिला.

उद्घाटनाला फोटोखाली ओळ दिसली: ‘संपात पोलिसांच्या लाठीने हुतात्मा’.

ओळ खोटी होती. संपात पोर तापाने फणफणली, घरात दाणा नव्हता, म्हणून कुशाबा कामावर परतला होता. शेजारच्या गंगाधरने त्याला जिन्यात गाठलं. दोघांनी त्याचे हात धरले, गंगाधरने सळई चालवली. आधी गुडघे, मग जबडा, मग डोकं. दुर्गा पिठाच्या हातांनी धावली तोवर रक्त पायऱ्यांवरून ओघळत होतं. तिरडीला पहिला खांदा गंगाधरनेच दिला. चाळ गप्प राहिली. पोर जगवायची म्हणून दुर्गाही.

आज तोच गंगाधर मंडळाचा सल्लागार. नारळ वाढवायचा मान त्याचा.

“भावजी, ही ओळ तुमची व्हय?”

“चांगलीच आहे की, वहिनी. फितुराला हुतात्मा केला. आणखी काय पाहिजे?”

“खरं पाहिजे. जिन्यात कुणी मारला ते लिवा.”

गंगाधरचा मुलगा शंतनु पुढे आला. “म्हातारे, तमाशा नको,” म्हणत त्याने तिला ढकललं. टेबलाचा कोपरा लागून कपाळ फुटलं.

अनुजाने तिच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता ती ओळ भिंतीवरून काढायला हात घातला. गंगाधरची काठी तिच्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. काठी पुन्हा वर गेली. खांदा मागे, मनगट वळलेलं. जुन्या माणसांनी माना खाली घातल्या. जिन्यातला तो हात त्यांनी ओळखला.

दुर्गाने पूजेचा नारळ उचलला आणि गंगाधरच्या कानशिलावर घातला. नारळ फुटला. गंगाधर कोसळला.

“काय लिहू, आजी?” मनगट छातीशी धरून अनुजाने विचारलं.

“कुणी मारला ते. आन् मी आज काय केलं तेबी.”

गंगाधर एका कानाने बहिरा झाला. तक्रार त्याने केली नाही. भांडणाचं कारण सांगावं लागलं असतं. पुढच्या वर्षी तो गेला, तेव्हा चाळीतले चारच जण तिरडीला आले. शंतनु खोली विकून विरारला गेला. अनुजाचं मनगट वाकडंच जुळलं. आता ती डाव्या हाताने लिहिते. फोटोखाली दुर्गाने सांगितलेल्या दोन्ही ओळी आहेत. दुर्गाने त्याच दिवशी त्या नारळाची भकलं पदरात घालून नेली आणि लसणीची चटणी केली. लेकीला म्हणाली, खोबरं गोड निघालं.