बिनशिशाची झिलई

मिचोआकान प्रांतातल्या एका डोंगराळ गावात मडकी घडवणारी घरं पुष्कळ, पण एलविराच्या हंड्या बाजारात उठून दिसत. तिच्या झिलईत तोंड दिसतं, असं गिऱ्हाइकं म्हणत. झिलई म्हणजे शिशाची पिवळी पूड, पाण्यात कालवून हातानंच फासायची. सासूनं, दोन्या चोनानं, तिला ते शिकवलं होतं.

एलविराची तीन वर्षांची लेक माटिल्दे त्या भांड्यांमध्येच खेळे. सारखं पोट दुखे, चिडचिड करी, आणि बोले जेमतेम चार शब्द.

दवाखान्यातल्या सोकोरो नर्सनं तिचं रक्त तपासायला पाठवलं. अहवाल आल्यावर तिनं आधी दार लावून घेतलं.

"रक्तात शिसं पाचावर गेलं तरी आम्हाला काळजी वाटते, एलविरा. हिचं अठ्ठावीस आहे."

"विहिरीचं पाणी असेल."

"हिचं जेवण कशात शिजतं?"

एलविरानं आपली नखं पाहिली. कडा पिवळ्या होत्या. "माझ्याच हंडीत. टोमॅटो घालून राजमा."

"आंबटानं शिसं अन्नात उतरतं. शिवाय पूड धुळीतून पोटात जाते."

"मग औषध द्या ना!"

"घरातून शिसं काढणं हेच औषध. पोटभर जेवण, दूध, लोह. पण डोक्यावर झालेला परिणाम पुरता भरून येईल, असं खोटं नाही सांगणार."

घरी सासू उसळली. "मी सहा पोरं याच हंड्यांवर वाढवली! काय धाड भरली त्यांना?"

"आई, तुमच्या लेकाला, माझ्या रामिरोला, अजून धड वाचता येत नाही. ढ म्हणून मास्तरांचा मार खाल्ला त्यानं. कोण जाणे, त्याचा दोष नसेलही."

संध्याकाळी म्हातारीनं लेकाला जवळ बसवून घेतलं. काय बोलली, ते एलविरानं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी नवरा-बायकोनं ओल्या फडक्यानं घर पुसून काढलं, चुलीवर स्टीलचं पातेलं चढवलं. बिनशिशाची झिलई आणली, पण तिला आच जास्त लागते. पहिली भट्टी खरखरीत, राखेच्या रंगाची निघाली. रामिरोनं भट्टीची भिंत उंचावली. तिसऱ्या खेपेला साधलं. "पूर्वीची चमक नाही गं," म्हणत निम्मी गिऱ्हाइकं निघून गेली.

आठ महिन्यांनी माटिल्देचं शिसं तेरावर आलं.

"शाळेत निभावेल ना ही?" एलविरानं विचारलं.

"आत्ता सांगता येत नाही," सोकोरो म्हणाली. "तिच्याशी बोलत राहा."

एलविरा आता चाकावर बसली की अखंड बोलते. माती, पाणी, कोंबड्या, शेजारणीच्या कागाळ्या, काहीही. माटिल्दे दारात बसून ऐकते, आणि मधूनच एखादा शब्द धरून आईला दटावते, "पुन्हा सांग."