काचेच्या तसराळ्यातलं दुःख

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर काचेचं मोठं तसराळं, त्यात नितळ पाणी आणि शेजारच्या खुर्चीत साक्षात दुःखहर्ते. ही पदवी त्यांनी स्वतःच घेतली होती, कारण दुसऱ्या कुणाला सुचेपर्यंत पत्रकं छापायची थांबली असती. त्यांचे मेहुणे तांब्यातल्या मंतरलेल्या पाण्याने आजाऱ्याचे पाय धुवायचे, आजारी ते तसराळ्यात बुडवायचा आणि दुःखहर्ते डोळे मिटायचे. बघता बघता पाणी काळंभोर व्हायचं. लोक तोंडात बोटं घालायचे.

"किती साठवलं होतंस रे," दुःखहर्ते मायेने म्हणायचे. "गोळ्यांनी हे आत दाबलं जातं. गोळ्या बंद. पुढच्या आठवड्यात ये."

मागच्या रांगेत ताई उभी होती. कापड रंगवण्याचा तिचा छोटा कारखाना होता. तिचा धाकटा भाऊ आज चौथ्यांदा मंचावर चढत होता. तीन महिने त्याने अंथरूण सोडलं नव्हतं. डॉक्टरांच्या गोळ्यांनी स्वारी जेमतेम आंघोळीपर्यंत पोचली, तेवढ्यात शेजारणीने आईला इथला पत्ता दिला. पहिल्या खेपेनंतर भाऊ दोन दिवस हसला आणि आईने गोळ्या फेकून दिल्या. तिसऱ्या दिवसापासून तो जेवेनासा झाला.

काल तो म्हणाला होता, "ताई, दर वेळी पाणी जास्तच काळं होतं. माझ्यातलं हे संपतच नाही. मग जगून तरी काय करायचं?"

ती त्याच्या पायाशी बसली, तेव्हा तिला त्याची काळी नखं दिसली. तीन आठवडे ती कुणाच्या नजरेत भरली नव्हती, कारण त्या घरात काळ्या नखांचं नवल नव्हतं. ताईच्या हातांची नखं वीस वर्षं तशीच होती. तिने लिंबू चोळलं आणि नखं उजळली. दुःख लिंबाला घाबरतं हे तिला नवीन होतं. कापडाला चढवलेला हिराकशीचा काळा रंग लिंबाने उतरतो, हे मात्र पोटापाण्यामुळे चांगलं ठाऊक होतं.

मेहुण्यांनी तांब्या उचलला तशी ती मंचावर गेली. दुःखहर्त्यांच्या खांद्यावरचा पांढराशुभ्र रुमाल तिने तांब्यात भिजवला आणि तसराळ्यात सोडला. पाणी काळं झालं.

"तुमच्या रुमालाला नैराश्य आलेलं दिसतंय," ती म्हणाली. "त्याच्याही गोळ्या बंद करायच्या का?"

दुःखहर्ते डगमगले नाहीत. "या रुमालाने हजारो भक्तांचे अश्रू पुसलेत, माई."

पुढच्या रांगेने माना डोलावल्या. काही माना त्याच कामासाठी असतात.

ताईने पिशवीतून दोन बाटल्या काढल्या. "एकीत हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार. तो तुमच्या तसराळ्यात आहे. दुसरीत डाळिंबाच्या सालीचा काढा. तो तुमच्या तांब्यात. दोन्ही माझ्या कारखान्यातले आहेत, यांत कुणी रडलेलं नाही." तिने एक दुसरीत ओतली. बाटली काळी झाली. मेहुणे तांब्यासकट मागच्या दाराने गेले.

भावाचं तिकडे लक्षच नव्हतं. "मग माझ्या आत काय आहे, ताई?"

"आजार आहे. भांड्यात काढून दाखवता येत नाही, पण बरा करता येतो. वेळ लागेल. चल, आत्ताच डॉक्टरांकडे जाऊ. मी तुझ्याबरोबर बसते."

आई रडत पायऱ्यांशी उभी होती. ताईने तिलाही सोबत घेतलं.

तेव्हा कुणी तुमचं दुःख भांड्यात काढून दाखवू लागला, तर आधी भांड्यात काय घातलंय ते विचारा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून गोळ्या बंद करू नका. आणि घरातलं माणूस 'जगून काय करायचं' म्हणालं, तर त्याच क्षणी उठा आणि त्याला डॉक्टरांकडे न्या. भोंदू कुठे पळून जात नाही, त्याला नंतर उघडं पाडता येतं. ताई बाटल्या भरण्यासाठी एक दिवस थांबली होती. भाऊ आता बरा आहे, पण त्या एका दिवसाबद्दल तिने स्वतःला अजून माफ केलेलं नाही.