ऋत्विकच्या जागेत

रोह्यात कॅथलिक माणसाने मरू नये, असं पास्कू वेगस म्हणायचा. जगायला हरकत नाही. धाटावला कंपन्या आहेत, बाजारात मासळी मिळते, रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, होते. मेल्यावर मात्र पेणला जावं लागतं, तेही मिळेल त्या टेम्पोने, कारण दफनभूमी पेणला. ती एवढीशी, की तिथे कायमचं कुणालाच निजता येत नाही. काही वर्षं गेली की खड्डा उघडतात, हाडं गोळा करून भिंतीलगतच्या सिमेंटच्या कोठीत ठेवतात आणि जागा पुढच्याला देतात. ‘मेल्यावरसुद्धा भाडेकरूच,’ हा पास्कूचा विनोद. मुलगा जाईपर्यंत तो हा विनोद करत असे.

पास्कू मूळचा कोर्लईचा. कंपनीत बॉयलरवर आयुष्य गेलं, त्यामुळे कान मंद आणि आवाज मोठा. मिस्सेतली वाचनं त्याच्याकडे आली ती या आवाजापायी. भक्तीची चौकशी कुणी केली नव्हती. बाकीची मंडळी केरळची नाहीतर मंगळूरची. त्यांना मराठीत भाजी घेता यायची, पण संत पौलाचं पत्र समोर आलं की घाम फुटायचा. पास्कू संदेष्टे, पत्रं, स्तोत्रं सगळं एका दमात वाचायचा, आणि त्याच पट्टीत शेवटी सूचना: लग्नाआधीचं शिबिर अमुक दिवशी, चपला ओळीने काढाव्यात, मृतास सुती कपडे घालून आणावं, कारण पेणच्या ओल्या मातीत टेरिलिन कुजत नाही.

त्याचा मुलगा ऋत्विक त्याच कंपनीत कंत्राटावर लागला. टाकी साफ करायला आत उतरला, आत गॅस होता. वर सुपरवायझर सायमन कुलासो उभा होता. ‘दोन मिनिटांचं काम आहे, मास्कला कशाला थांबतोस,’ असं सायमन म्हणाल्याचं बरोबरच्या पोरांनी पास्कूला घरी येऊन सांगितलं आणि चौकशीत कुणीच सांगितलं नाही. सायमनने मात्र चौकशीत सांगितलं: मास्क दिला होता, मुलाने घातला नाही. सगळ्यांच्या नोकऱ्या राहिल्या.

सायमनही त्याच हॉलमध्ये मिस्सेला यायचा, तिसऱ्या बाकावर बसायचा. मिस्सेत एक वेळ अशी येते की सगळ्यांनी एकमेकांना हात जोडून शांती द्यायची असते. त्या वेळी पास्कूला नेमकं वाचनाच्या पुस्तकातली खुणेची रिबीन सरळ करायचं काम निघायचं. रिबीन इतकी वर्षं वाकडी राहते कशी, हे फादरनीही कधी विचारलं नाही.

मग सायमनच गेला. जेवता जेवता छातीत कळ आली, दवाखान्याच्या पायरीवर संपला.

संध्याकाळी हॉलमध्ये माळेची प्रार्थना झाली. फादर ग्लॅडविन पेणहून आले होते. वसईचा तरुण माणूस, अजून लोकांना घाबरायचा. सगळ्यांसमोर चाचरत म्हणाले, "पास्कूकाका, एक अडचण आहे. पाळीने जी जागा उघडायची, ती... ऋत्विकची आहे. घरच्यांनी सांगितलं तर वर्षभर थांबता येतं. पण मग सायमनना ठेवायला दुसरी जागा नाही."

सायमनची बायको फिलू खाली मान घालून बसली होती. पास्कूने घसा खाकरला, आणि सवयीने आवाज वाचनाचा निघाला.

"फादर, शत्रूवर प्रीती करा हे मी इथं उभा राहून वाचतो. ते काय नुसतं वाचायपुरतं हाय? उघडा जागा."

एक बाई रडली. मंगळूरच्या एका अंकलने त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन बराच वेळ हलवला. पास्कू घरी निघाला तेव्हा त्याला फार हलकं वाटत होतं, आणि तो हलकेपणा गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत टिकला. कोपऱ्यावर त्याला आठवलं की बायकोला, मैनाला, विचारायचं राहिलं.

मैना तांदूळ निवडत होती. बातमी तिच्याकडे त्याच्याआधी पोचली होती.

"कुणाला इचारून हो म्हणालास?"

"अगो, वचनात हाय—"

"पोर द्यायच्या आधी मरियेलापण इचारलं व्हतं देवानं. दूत पाठवला घरी. तू मला मोबाईलपण नाय केलास."

शुभवर्तमानात बायकोला काय उत्तर द्यावं याचा दाखला सापडत नाही.

"मग सांगतो फादरला नाय म्हणून."

"आता सांग! समद्यांच्या समोर देव झालास, आता घरी येऊन माणूस व्हतोस?" तिने सूप बाजूला ठेवलं. "येते मी उद्या. पोराची हाडं मी उचलणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाय."

सकाळी ती निघाली तेव्हा हातात नवं पांढरं सुती कापड होतं, घड्या घातलेलं.

पेणला सायमनला चर्चमध्ये ठेवलं होतं. माणसं जमत होती. मागे दफनभूमीत तिथला खड्डे खणणारा जनू खणत होता. कुदळीनंतर फावडं, फावड्यानंतर हात. मैना कडेला बसून होती. मग जनू थांबला, आणि वर आला.

"काका, माती नाय झाली."

"काय?"

जनूने खाली बोट दाखवलं. पास्कूने वाकून पाहिलं. पेटी कुजून गेली होती. सूट होता. निळा, अंगासकट, बटणं लावलेला.

ऋत्विकने कोर्लईतल्या एका लग्नासाठी सूट मागितला होता. पास्कू म्हणाला होता, एका दिवसाच्या मिरवणुकीला सूट कशाला, तुझ्या लग्नात घेऊ. मुलगा गेला त्या दिवशी पास्कू स्वतः रोह्याच्या बाजारात गेला. दुकानदाराने विचारलं, सुती दाखवू का चांगल्यातलं, टेरिलिनचं? पास्कू म्हणाला, चांगल्यातलं. दर महिन्याला सूचना वाचणाऱ्या माणसाला त्या दिवशी एकही सूचना आठवली नव्हती. आठवली असती तरी त्याने चांगल्यातलंच घेतलं असतं.

फादर येऊन उभे राहिले. त्यांनी खाली पाहिलं. बाकीच्या जागा याहून नव्या. त्या उघडण्यात अर्थ नव्हता.

"काका, एकच मार्ग आहे," ते हळू म्हणाले. मग पास्कूच्या कानाची आठवण होऊन मोठ्याने म्हणाले, "खड्डा इथेच खोल घेऊ. ऋत्विक खाली राहील. त्याच्यावर माती टाकायची, आणि वर सायमन. नाहीतर त्यांना दुसऱ्या गावी न्यावं लागेल, कोण परवानगी देतं ते बघून."

"वर?"

"हो."

"खाली माझा पोरगा, नि वर हा उभा?" पास्कूचा आवाज आता वाचनाचा नव्हता. "एकदा झालंय हे, फादर."

फादर ग्लॅडविनना धर्मगुरूंच्या सेमिनरीत अशा प्रसंगांसाठी बरीच वचनं शिकवली होती. त्यातलं एकही त्यांनी काढलं नाही. चर्चमधून गाण्याचा आवाज येत होता, कुणीतरी वेळ काढण्यासाठी सुरू केलेलं.

"काल काय ते बोललो," पास्कू म्हणाला. "आज माझ्याच्यानं नाय व्हत. न्या त्याला कुठं न्यायचा तो."

मैना उठली. ती खड्ड्याच्या अगदी कडेला गेली आणि आत बघत राहिली. मग जनूला म्हणाली, "रुंद व्हईल?"

"काय म्हणता काकी?"

"खोल नको. रुंद कर. माझ्या पोराच्या बाजूला, एका सपाटीला."

"पायवाट जाईल हातभर."

"जाऊ दे पायवाट," फादर घाईने म्हणाले.

"मैना, काय चाललंय तुझं?"

"वर नाय ठेवायचा त्याला," ती म्हणाली. "त्या दिवशी तो उतरला नाय. आज उतरू दे."

तिने खाली उतरून हातातलं कापड उलगडलं आणि सुटावर पांघरलं. कडा नीट दाबल्या. जनूने तिला हात देऊन वर घेतलं, आणि पायवाटेवर पहिली कुदळ मारली.

मिस्सेत वाचन पास्कूनेच केलं. दुसरं कोण करणार? पौलाचं रोमकरांना पत्र होतं. आपल्यातला कुणी स्वतःपुरता जगत नाही आणि कुणी स्वतःपुरता मरत नाही, हे त्याने नेहमीच्या पट्टीत वाचलं. त्यापुढे भावाचा न्याय करणारा तू कोण, अशा अर्थाची ओळ येते. तिथे तो थांबला. लोकांना वाटलं, पान चिकटलंय. पान चिकटलं नव्हतं. मग त्याने ती ओळही वाचली, पण मागच्या बाकांना ऐकू गेली नाही, आणि हे पास्कूच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं.

माती लोटून झाल्यावर फिलू मैनाजवळ आली. तिच्या हातावर हात ठेवून, बोलावं की नाही याचा अंदाज घेत म्हणाली, "ते रात्री झोपायचे नाहीत, मैनाबाय. तुमचा मुलगा गेल्यापासून."

"आम्हीपण नाय," मैना म्हणाली. तिने फिलूचा हात धरला नाही. झटकलाही नाही.

परतीच्या गाडीत दोघांना खिडकीशी जागा मिळाली. कासू स्टेशनात मालगाडीसाठी गाडी थांबली.

"प्रार्थनेत तुझा आवाज नाय आला," मैना म्हणाली. "क्षमा करतो म्हणायचं तिथं."

"तुझापण नाय."

"मी नाय केली माफी."

"मी कुठं केली?"

"मग काय केलं आपण?"

"काय?"

"काय केलं म्हणते आपण आज?" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की समोरच्या बाईने मोबाईलमधून डोकं वर काढलं.

"जागा दिली," पास्कू म्हणाला.

मैनाने बाहेर पाहिलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. कापलेली शेतं आणि एक बगळा.

"परत उघडतील कधीतरी," ती म्हणाली. "तेव्हा दोघांची हाडं एकत्र निघतील. आपला कुठला नि तो कुठला, कोण ओळखेल? आपण तर नसू."

पास्कूला हे पहिल्याच वेळी नीट ऐकू आलं होतं. तरी तो "काय?" म्हणाला. मालगाडी आली, संपता संपेना अशी, आणि ती जाईपर्यंत दोघं डब्यांकडे बघत बसले.