गिरणीचा भोंगा आणि केशरबाईच्या कुरडया

अकोल्यातल्या सरकीच्या तेलाच्या गिरणीवर बसलेला एक जुना पितळी भोंगा आहे मी, मित्रांनो. आता माझा रंग हिरवट पडला आहे आणि कबुतरे बिनधास्त माझ्यावर बसतात. पण एके काळी माझी हाक रेल्वे फाटकाच्या पलीकडे जात असे.

एका कारागिराने मला साच्यात ओतले, घासून चकाकवले आणि बॉयलरच्या वाफेच्या नळीवर बसवले. पहिल्यांदा वाजलो तेव्हा गल्लीतली सगळी कुत्री भुंकत सुटली होती! मला वाजवण्याचे काम देवमनकडे होते. तो बॉयलरमध्ये कोळसा टाकायचा आणि पाळी बदलली की माझी साखळी ओढायचा. माझ्या आवाजावर गिरणीकडे जेवणाचे डबे निघत, लोक घड्याळे लावत. "देवमनचा भोंगा चुकत नाही," असे कोणी म्हटले की मी वरच्या वर फुगत असे.

दुपारच्या हाकेनंतर मात्र बॉयलरच्या नळ्यांत साचलेली काजळी झाडत. मग धुरांड्यातून काळा लोट निघे आणि गिरणीमागच्या चाळीवर उतरे. देवमनची बायको केशरबाई तिथेच राहायची. उन्हाळ्यात ती गव्हाच्या चिकाच्या कुरडया करून विकायची. मी वाजलो की चाळीतल्या साऱ्या बाया हातचे काम टाकून गच्चीवर धावत आणि वाळवणावर जुनी लुगडी पसरत.

"केशरबाई, तुह्या नवऱ्यानं सोडली वं काजळी!" शेजारची वच्छला ओरडायची. "माह्या कुरोड्या काळ्या झाल्या तं त्यालेच खाऊ घालीन!"

"घाल वं माय, त्याले सारंच गोड लागते!"

मी बायांना सावध करतो याचा मला अभिमान होता. पण ज्या बॉयलरची वाफ मी खात होतो, त्याचीच ती काजळी होती. आम्ही दोघे एकाच घरचे.

पुढे देवमन वारला. गिरणी एका मोठ्या कंपनीने घेतली. एके दिवशी फाटकावर भला मोठा बोर्ड लागला: 'आम्ही नेट झिरो होणार', आणि खाली दूरचे एक साल. कंपनीची इंजिनीयर रश्मी चाळीत समजावायला आली. हवा तापवणारा जो वायू कंपनी सोडते तो कमीत कमी करायचा, आणि जेवढा उरेल तेवढा झाडांसारख्या मार्गांनी परत शोषून घ्यायचा, म्हणजे शेवटी बाकी शून्य, असे ती म्हणाली. मोर्शीकडे झाडे लावणे सुरूही झाले होते.

"झाडं मोर्शीले लावता अन् काजळी आमच्या डोक्यावर पाडता, हे कोणतं शून्य वं बाई?" वच्छलाने विचारले. साऱ्या हसल्या. "पाटी लावाले काय जाते? आपण मेल्यावर येईन तिचं साल!"

रश्मी गोरीमोरी झाली. "खरं आहे, मावशी. नुसत्या झाडांनी भागणार नाही. कोळसाच बंद करावा लागेल."

तेव्हा केशरबाई बोलली. "बोलू दे वं तिले. आजपावतर कोणी बोललंच नाई, तं आपण मांगू काय? आता यायनं शब्द देल्ला, आता मले तो मांगता येते." मग ती रश्मीकडे वळली. "ते दूरचं साल राहू द्या, म्याडम. पुढच्या उन्हाळ्यात काय करता, ते सांगा."

काही दिवसांनी बोर्डावर दुसरी ओळ आली: 'या गिरणीतला कोळशाचा बॉयलर पुढच्या उन्हाळ्याआधी बंद.'

तो उन्हाळा आला आणि धूर तसाच राहिला. केशरबाई ताटभर काळ्या कुरडया घेऊन फाटकावर उभी राहिली. "मोठ्या साहेबाले द्या. म्हणा, तुमच्या पाटीची आठवण पाठवली." त्यानंतर ती दर आठवड्याला जाऊन विचारी, "कुठपावतर आलं?" पहारेकरी तिला लांबून पाहूनच खुर्ची पुढे करू लागला.

अखेर हिवाळ्यात विजेचा बॉयलर आला. छपरांवर सौर पॅनेल चढली. जुना बॉयलर थंड झाला आणि माझी वाफ संपली. मला भंगारात काढायचे ठरले.

"त्याले काहून भंगारात टाकता?" केशरबाई फाटकावरच कडाडली. "कोळसा त्यानं खाल्ला काय? माह्या मालकाचा हात लागला हाय त्याले!"

रश्मीने मला दाबाच्या हवेच्या टाकीला जोडून दिले. उन्हाळ्यात मी पुन्हा दुपारी वाजलो, आणि काय सांगू, साऱ्या बाया सवयीने धावल्या आणि त्यांनी ओल्या कुरडया लुगड्यांखाली गच्च झाकल्या! काजळी आलीच नाही, पण तिची वाट पाहत लुगडी संध्याकाळपर्यंत तशीच राहिली. कुरडया घामेजल्या, एकमेकींना चिकटल्या, आंबूस वास सुटला.

"धूर होता तवा काळ्या व्हायच्या," वच्छला म्हणाली, "आता धूर नाई तं आंबून गेल्या!"

सगळ्या हसत होत्या. केशरबाई मात्र धुरांड्याकडे पाहत होती. "उद्या मी झाकत नाई," ती म्हणाली.

"अन् खराब झाल्या तं?"

"तं ताट घेऊन पुन्हा गेटवर."

दुसऱ्या दिवशी तिने देवमनचे पांढरेशुभ्र धोतर गच्चीवर अंथरले. त्यावर ती कुरडया पाडत बसली. माझी वेळ झाली. आयुष्यात पहिल्यांदाच मी भीत भीत वाजलो. वच्छला अर्ध्यातून उठली आणि केशरबाईकडे पाहून परत बसली. केशरबाईचा सोऱ्यावरचा हात थांबला नाही. संध्याकाळी तिने कुरडया काढल्या, धोतर झटकले, उजेडात धरले आणि तसेच घडी घालून ठेवले. धुवावे लागले नाही.

मित्रांनो, कंपनीच्या दुसऱ्या गिरण्यांत अजून कोळसा जळतो. तिथल्या चाळींतही वाळवणे असतील. म्हणून मोठ्या कंपन्यांनी असा शब्द द्यावा, सगळ्यांना दिसेल असा लिहून द्यावा, आणि तुम्ही मोठे झालात की फाटकावर जाऊन विचारत राहा, कुठपर्यंत आलं? आणि इकडे आलात तर मला जरा चिंच लावून पुसा. आता माझ्यावर काजळी बसत नाही, चकाकी टिकेल.